सभासद क्रमांक १४७

दूधगावात पहाटे पाचला संकलन सुरू होतं.
मी मशीनपाशी बसते. नळीनं थेंबभर दूध ओढलं
की पडद्यावर आकडे येतात:
फॅट, एसएनएफ, लिटर, रुपये.
पावती फाडायची. पुढचा नंबर.

एकशे सत्तेचाळीस म्हणजे गुणाकाकू मगदूम.
एक म्हैस, एक किटली,
किटलीच्या झाकणाला जुन्या लुगड्याची चिंधी.

वारणेचं पाणी पायरीला लागलं त्या रात्री
भूपालअण्णांनी विळ्यानं दावं कापलं,
पाठीवर थाप मारली: जा, बाई.
होडीत माणसांपुरतीच जागा होती.
काकू पाण्याकडं पाठ करून बसली.

नवव्या दिवशी चिखल उपसताना बघतात तर
गोठ्याच्या जागी (गोठा नव्हताच)
म्हैस उभी.
गळ्यात दाव्याचा तुकडा. मागं रेडकू नाही.

गावात लगेच दोन पक्ष पडले.
अण्णा म्हणाले, भुकेनं आली,
गव्हाण कुठं असते ते जनावर विसरत नाही.
शाळेतले आवटी सर म्हणाले, मुक्या जिवाची माया,
तिला आपल्यासारख्या अटी नसतात.
काकू म्हणाली, "आधी पेंड भिजवा."

मग म्हैस पान्हा चोरू लागली.
शब्द बघा आपला: चोरू लागली.
जे तिचंच, ते तिनं ठेवून घेतलं तर चोरी.

अण्णांनी कवठेपिरानहून पेंढा भरलेलं रेडकू आणलं,
कुणाचं तरी, शिवणीतून काड्या बाहेर आलेलं.
अंगावर मिठाचं पाणी शिंपडून समोर ठेवलं.
तिनं हुंगलं. खूप वेळ हुंगलं.
मग चाटलं, आणि सडांत दूध उतरलं.
माझ्याकडं पावती निघाली: सात पॉइंट दोन.
दुधात पाणी घातलं तर मशीनला कळतं.
हे नाही कळलं.

चौथ्या दिवशी काकूनं ते रेडकू माळ्यावर टाकलं.
"तिला ठाव हाय गं पोरी. पयल्या दिशीच कळलंय.
तरी द्यायची. मलाच लाज वाटाय लागली."

पुढं अकरा दिवस एकशे सत्तेचाळीससमोर
मी रेघ ओढत होते.
चेअरमन म्हणाले, आटली असेल, नाव कमी करा.
मी केलं नाही.
प्रेमाला अट नसते असं मी कॉलेजात
एकाच्या वहीत लिहून दिलं होतं.
त्याच्या घरच्यांनी चार अटी लिहून पाठवल्या,
पाचवी तोंडी.
अट आणि आटणं यांत
एका कान्याचं अंतर, एवढंच तेव्हा शिकले.

बाराव्या पहाटे किटली आली.
अर्धा लिटर. कोमट.
काकूच्या कोपरापासून मनगटापर्यंत
कातडं लाल, खरवडल्यासारखं.
"मिठाचं पाणी लावलंवतं?"
"घामाला मीठ असतंयच की."

म्हणजे मीठच का शेवटी, मी म्हटलं.
काकू पावतीची घडी घालत होती.
"असंल. म्या तरी दुधासाठीच हात धरला न्हवं फुडं?"

विचारू नये ते विचारलं:
खरंच आटली की मिरजेच्या बाजारात नेणार?
ती बराच वेळ झाकणाची चिंधी पिळत राहिली.
"पेंडीचं पोतं सतराशेला झालंय," म्हणाली.
नंतर दारातनं वळून, वेगळ्याच आवाजात:
"पुरातनं आली न्हवं ती, तवा
माझ्याकडं बघितलंबी न्हाई.
सरळ खुंट्यापाशी गेली
आन् मान फुडं केली. बांध म्हणून."

हे कुठं लिहायचं मला कळेना.
पडद्यावर चार रकाने, चारही भरलेले.
मागून एकशे अठ्ठेचाळीस ओरडला,
हात चालव की बाई,
दूध नासतंय.