अंगठो सोड

उभ्यादांड्याला, चॅपलच्या मागच्या पडवीत
इनास मास्तर माझा डावा हात उलटा करून बघतात,
बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघावेत तसा.
‘ह्या काय गो? व्हायोलिन धरलंस की चोर धरलंस?’

मी काही बोलत नाही.
बारा वर्षं काजू फोडते मी, कारखान्यात.
बी यंत्रात धरायची, पायाने दांडा हाणायचा,
सुईने गर उचलायचा, अख्खा. तुकडा झाला की भाव उतरतो.
हाताला राख चोळली तरी काजूचं तेल आत जातंच.
शेंडे काळे पडतात, साल निघते,
नवी येते ती जाड, गुळगुळीत,
कोणा दुसऱ्याचीच असावी तशी.
रेशनच्या दुकानातलं यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवते.

तार मला लागतच नाही, हे मास्तरांना कसं सांगू?
तिसरं बोट टेकलं की नाही, कळत नाही.
म्हणून दाबते. दुखेपर्यंत दाबते.
दुखलं की समजतं, पोचलं.
अंगठा खालून मान आवळतो,
करंगळी वर ताठ, जाळ्यातून सुटलेल्या खेकड्याच्या नांगीसारखी,
आणि सूर? सूर वर चढून बसतो,
अर्ध्या बोटाने चुकीचा.

‘दाबू नको. नुसता टेकव.’
टेकवलं.
उजव्या हाताने गज ओढला तर
भलतीच एक शीळ निघाली,
पातळ, लांबची,
किनाऱ्यावरून कोणी होडीतल्याला हाक मारतंय
आणि वाऱ्याने शब्द काढून घेतलेत, नुसती हाक उरलीय.
मी दचकून हात काढला.
‘अगो, तार खंय पळान जावची नाय. परत.’

टेकव. आता वायच.
अजून वायच.
शीळ फाटली, खरखरली, आणि एका जागी
सूर भरून आला.
‘थांब! हयच. इतक्याच दाबाचा काम.
वरचा सगळा फुकट.’

फुकट.
बारा वर्षांत माझ्या हाताला
हा शब्द कोणी सांगितला नव्हता.

मग म्हणाले, ‘अंगठो सोड.’
व्हायोलिन त्यांच्या धाकट्याचं, तो दुबईत.
पडलं तर?
त्यांनी आपलं एक बोट वरच्या गोगलगाईखाली लावून ठेवलं,
दिवा विझू नये म्हणून आडोसा धरतात तसं.
सोडला.
मान मोकळी. चार बोटं तारेवर एकटी,
सहा सुरांची साधी चाल
कशीबशी, पण चालली.
मास्तर माझ्या बोटांकडे बघतच नव्हते.
‘आता दात सोड,’ म्हणाले.

खरंच की. जबडा घट्ट.
हातातून निघालेलं सगळं तिथे जाऊन बसलेलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर करून पाहिलं.
वायच दाबलं. बी फुटली नाही.
अजून वायच. नाही.
काजूला तेवढं चालत नाही, त्याला सगळं लागतं.
शेजारच्या फुलग्यानं विचारलं, बरं वाटत नाही का?
मी पाय हाणला.

शनिवारी रेशन.
अंगठा काचेवर ठेवला, दाबला नाही,
तारेवर ठेवावा तसा.
हिरवा दिवा लुकलुकत राहिला.
मागे रांग. कोणी खोकलं.
मी दात सोडले
आणि वाट बघत उभी राहिले.