चाळीस अक्षरं

एकतीस मार्चनंतर या आवृत्तीला आधार नाही,
असं पत्र आलं. पत्र तसं सभ्य होतं.
रश्मिनभाई म्हणाले, "हजु चाले छे ने?"
चालतंय. मकरपुऱ्यात सगळंच
बंद पडेपर्यंत चालतं.

मी तरी तक्ता मांडला. डावीकडे जुने रकाने,
उजवीकडे नवे, मध्ये बाण.
व्हॉल्व्हचे साडेनऊ हजार कोड,
व्हॅटच्या काळातले दर,
अंकलेश्वरचं एक गिऱ्हाईक, दोनदा नोंदलेलं
आणि दोन्हीकडे थकलेलं.
सगळ्यांना उजवीकडे जागा मिळाली.

'शेरा'ला नाही.

शेरा, म्हणजे चाळीस अक्षरं. संगणक काना-मात्राही मोजतो.
दाभाडेकाकांनी स्टोअरमध्ये बसून
एकोणीस वर्षं भरलेला रकाना,
कुठल्याच अहवालात न छापला जाणारा.
गाळण्याआधी एकदा बघावा म्हणून उघडला.

गॅस्केट ओलं. परत पाठवलं, राग नको.
वजन चार किलो कमी. ड्रायव्हरला ताप.
साहेबांना विचारलं. साहेब नव्हते.
विश्वामित्री चढली. माल वरच्या फळीवर.

आणि दोन इंची बॉल व्हॉल्व्हच्या एका आवकेपुढे:
मुलगी झाली. दोघी ठीक. नग बारा, मोजले दोन

पुढचा 'दा' मावला नव्हता.

"हा डेटा नाही मॅडम," कंपनीचा पोरगा म्हणाला,
"सोडून द्या."
शुक्रवारी रात्री आठला जुनं बंद,
सोमवारी सकाळी नवं चालू.
मधल्या वेळात सेव-उसळ, तिखट तरी,
आणि चढत जाणारी हिरवी पट्टी.
सत्तर टक्क्यांवर ती अडकली, तेव्हा
मला एक रिकामा रकाना सापडला:
पर्यायी पत्ता, ओळ तिसरी.
कोणी भरत नाही. लांबी फक्त पस्तीस.

मग दोन रात्री मी काकांचं लिखाण
पाच-पाच अक्षरांनी आखडत बसले.
'राग नको' ठेवलं. पूर्णविराम काढले.
'साहेब नव्हते' तसंच बसलं.
नगांचा आकडा वेगळ्या रकान्यात असतोच,
म्हणून तिथून 'नग बारा' उचललं.

नव्या आवृत्तीला आधार सात वर्षं.
काका मांजलपूरला असतात, त्याच मुलीकडे.
त्यांना काही कळवलेलं नाही. रश्मिनभाईंनाही.
पुढच्या वेळी बाण काढायला जो कोणी बसेल,
त्याला पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत मिळेल:

मुलगी झाली. दोघी ठीक. मोजले दोनदा