हशा

ब्रिजवॉटरच्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं
मी बोललेलं टिपून घेते.
आवंढा टिपत नाही. खिडकीबाहेर
ओल्या बर्फात रुतलेला ट्रक, तोही नाही.

वाक्य एकच आहे, सहा शब्दांचं:
"बेसिल कॉर्कमचा हात सगळ्यांच्या सापळ्यांत असतो."
म्हणणारा ईनस झ्विकर.
लॉब्स्टरचा मोसम संपल्यावरचं जेवण,
फायर ब्रिगेडचा हॉल, ऐकणारे नव्वद.
इथे कुणी ध चा मा केलेला नाही.
अक्षर न् अक्षर ईनसला कबूल आहे.

फिर्यादीचा वकील ते वाक्य
शेपटीला धरून वर उचलतो,
पाणी निथळू देतो:
बघा, यात चोर नाही तर काय दिसतं?

बचावाची वकील म्हणते, मागचंपुढचं येऊ द्या.
त्या मोठ्या वादळानंतर
गावातल्या प्रत्येक सापळ्याची जाळी
याच हातांनी विणली, फुकट,
ईनसची धरून.
वाक्य तिथून निघालंय.

न्यायाधीश चष्मा पुसतात.
त्या रात्रीचं चालेल. वादळाचं नाही.
कुठेतरी कुंपण घालायला हवं,
नाहीतर आपण यांच्या आजोबांच्या बोटींत जाऊन बसू
आणि रात्रीच्या जेवणाला कुणी घरी पोचणार नाही.

मग व्हर्नाच्या फोनवरचं रेकॉर्डिंग लागलं.
खुर्च्यांची करकर, कुणाचं तरी रडकं पोर,
ते सहा शब्द,
आणि हॉलभर हशा.
त्यात एक हसणं जाडंभरडं,
धुक्यातल्या भोंग्यासारखं.
हे कोणाचं?
"माझंच," बेसिल म्हणाला.
बचावाची वकील खाली बसली. तिला तेवढं पुरे होतं.

नंतर हेडफोन लावून
मी ते नऊदा ऐकलं, काम म्हणून.
जाडंभरडं हसणं बाकीच्यांच्या आधी थांबतं.
एक सेकंद. फार तर दीड.
आणि तेवढ्यात एक ग्लास
टेबलावर ठेवला जातो, हळू,
जणू तो फुटेल अशी कुणाला भीती आहे.

नोंदीत मी लिहिलं: हशा.
कुणाचा किती, हे लिहायला
नमुन्यात रकाना नाही.

पाचला कोर्ट उठलं.
ट्रक अजून तिथेच होता, ईनसचा,
मागचं चाक नुसतंच फिरत, चिखल उडवत.
बेसिल आला. कोट काढून
कुंपणावर टाकला
आणि दोन्ही हात लावून ढकलू लागला.
ईनसने काच खाली केली नाही.
यानेही मान वर केली नाही.

मी माझ्या गाडीत बसून होते, इंजिन सुरू.
टिपण्यासारखं कुणी काही बोललं नाही.