उकळतं पाणी नको

दक्षिण चिलीतल्या चेलिन बेटाला
आमची लाँच लागते ती भरती असेल तेव्हाच.
ओहोटीत नुसता चिखल,
आणि माझी खुर्ची घडी केली तरी बावीस किलोची.
म्हणजे दवाखान्याची वेळ इथे चंद्र ठरवतो.
महिन्यातून एकदा, शाळेच्या एका वर्गात,
लाकडाच्या शेगडीशेजारी उभी राहून
मी लोकांना सांगते, आ करा.

आणखी काय सांगते? तेच ते.
रात्रीचा ब्रश चुकवू नका, सकाळचा एक वेळ माफ.
थुंका, पण लगेच चूळ भरू नका,
पेस्टला थोडं टेकू द्या दातांपाशी,
आलेल्या पाहुण्याला कोणी उंबऱ्यावरून परत पाठवतं का?
रक्त आलं म्हणून ब्रश सोडलात?
जिथे हात पोचत नाही तिथूनच येतं ते.
पण हलक्या हाताने, बाबांनो.
होडीच्या बुडाचं शेवाळ खरवडत नाही आहात तुम्ही.

येर्को, वय पाच, चार दाढा काळ्या.
आई म्हणते, दुधाचेच तर आहेत, पडणारच.
पडणार, पण नव्यांची जागा धरून बसलेत ना ते,
रांगेत कोणी टोपली ठेवून जावं तसे.
टोपली उचललीत की मागचे सगळे घुसतात.
रात्रीच्या बाटलीत साखरेचं दूध नको, पाणी द्या.
ती मान हलवते. ती मान मला माहीत आहे.
रात्री दोनला रडणाऱ्या पोरापुढे
माझं काय चालणार?

आणि माते.
भोपळ्याची एक वाटी, एकच नळी,
आळीपाळीने ओढत करडे दिवस इथे सरतात,
दर वाटीत साखरेचे दोन चमचे.
साखर किती, हे मी हल्ली विचारतच नाही,
विचारते, किती वेळा.
कडू प्या म्हटलं तर सेगुंदो हसतो,
उरलेले तिन्ही दात दाखवत:
डॉक्टरीणबाई, कडू गिळायला बाकीचं आयुष्य आहे की.
मी त्याच्या हातून वाटी घेते, एक घोट ओढते.
गोड आहे. छान आहे.
हे कुठे सांगू नका.

सगळ्यांत शेवटी एदेल्मिरा आली,
पाणी उतरायला तासभर उरला असताना.
हातरुमालात गुंडाळलेली कवळी. आर्तेमियोची.
तो ऑगस्टमध्ये गेला.
मीच बसवली होती, सहा वर्षांपूर्वी,
तेव्हा म्हणायचा, तोंडात भाडेकरू ठेवलाय बाईंनी.
ती म्हणाली, सेगुंदोला होईल का?
भाऊच आहे माझा. चांगली आहे, टाकवत नाही.

नाही होत, म्हटलं.
दुसऱ्याच्या चपला चालतात दोन दिवस,
कवळी दोन घासही चालत नाही.
त्याची नवी करू. पाठव त्याला.

ती रुमाल परत बांधेना.
मग म्हणाली, मी अजून रोज रात्री
पेल्यात ठेवते. पाणी बदलते.
सकाळी घासते, आतून, बाहेरून,
तुम्ही त्याला दाखवलं होतंत तसं.
त्याने कधी धड केलं नाही.
एक डाग तेवढा जात नाही,
काल वाटलं, किटलीतलं पाणी ओतावं वरून.

बाहेर लाँचवाला भोंगा द्यायला लागला होता.
पंचवीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघतेय,
माझं तोंड मात्र उघडेना.

कवळी खिडकीच्या उजेडात धरली.
इतकी स्वच्छ या बेटांवर दुसरी नसेल.
पुढच्या दातावर डावीकडे बारीक खाच,
जाळं शिवताना तो दोरा तिथे धरायचा.
डाग नव्हता तो.

उकळतं पाणी नको, म्हटलं.
साधं घाल, फार तर कोमट.
उकळत्याने वाकते ती,
मग त्याचा आकार राहत नाही तिच्यात.