चारशेचा फरक

जिन्यातच पावतीबुक उघडून निमसे म्हणतो,
"बोलण्यापुरतं तीसचं स्पीड पुष्कळ, वहिनी.
शंभरला महिन्याचे चारशे जास्त."

बोलण्यापुरतं!
आमचा मुकुल हातांनी बोलतो,
रोज रात्री नऊला, मालेगावच्या शोएबशी.
तीसमध्ये बोटांचे चौकोन होतात,
वाक्य मनगटाशीच तुटतं.
हॅलो हॅलो तरी
कुणी कुणाला म्हणायचं?

सिडको ते सातपूर रिक्षा बंद, सिटीलिंकनं जाईन.
रविवारची मिसळ घरीच,
रस्सा मला जमतो, साधारण.
तरी साठ रुपये कमी पडतात.
बघू.
"शंभरचंच करा," म्हटलं.

पहिल्याच रात्री दोघं कडाडून भांडले.
कशावरून, ते मला नीटसं कळलं नाही,
हात इतके भराभर चालले.
मी दारात, ओला हात पदराला पुसत.
एकही शिवी
अडकली नाही.