पुकारा

दिल्लीहून आलेला तक्ता उघडला तेव्हा
चोपड्यात बारा वाजले होते, पारा त्रेचाळीसवर,
आणि नाझरांच्या टेबलावर
समन्सांची चळत पेपरवेटखाली तडफडत होती.

रकाना एक : पदाचे नाव.
रकाना दोन : कामाचे स्वरूप.
रकाना तीन : केंद्रीय व्यवस्था लागू झाल्यावर सदर पदाची गरज.

तेवीस वर्षं मी या कोर्टात आहे.
पगार जळगावच्या कोषागारातून,
लगाम हायकोर्टाच्या हातात,
आणि आता संसद म्हणते, हा कारभार आमच्याही कक्षेतला.
असेल. घटना मी वाचली आहे, खात्याच्या परीक्षेपुरती.
टीव्हीवर पाहिलं : कलम वाचलं गेलं,
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं,
होय-होय असा गलका झाला,
मागच्या बाकावरून एक बारीकसं नाही,
आणि माझा चहा निवायच्या आत मंजूर.
म्हणजे तिथंही आवाजावरच चालतं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडचा आवाज गुलशेर तडवीचा.
व्हरांड्यात येतो, तंबाखू गालात सरकवतो.
'हाजिर हो' वगैरे नाही, ते सिनेमात.
नुसतं नाव घेतो, बापासकट, गावासकट,
ज्या गावचं त्या गावच्या हेलात.
लासूरचा माणूस लासूरच्या कानानं ऐकतो
आणि वकिलाच्या आधी उठून उभा राहतो.

संत नाही तो.
तारीख लवकर सांगायचे वीस रुपये घेतो, मला माहीत आहे.
बेलीफ हिलाल बोरसेनं तर एकदा नोटीस
पक्षकाराच्या चुलतभावाच्या दाराला डकवली,
ऊन होतं, ते घर अलीकडे पडत होतं.
हे सगळं लिहायला तक्त्यात जागा आहे. शेरा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गुलशेर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला,
आणि प्रायोगिक तत्त्वावर भिंतीला ठोकलेला भोंगा
त्या दिवशी पहिल्यांदा बोलला.
स्वच्छ, बाईचा आवाज, कुठल्याच गावची नसलेल्या बाईचा.
दुर्गाबाई पवार.
दुर्गाबाई पवार.
दुर्गाबाई पवार.
नियमाप्रमाणे तीनदा.

चिंचेखाली दुरकीबाई पावरा बसली होती,
पहाटे सातपुड्यातल्या पाड्यावरून निघालेली,
पोटगीचा अर्ज, मांडीवर पोर, भाकरीचं फडकं सोडलेलं.
यंत्रानं तिचं नाव शुद्ध केलं होतं.

अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली.
टाइप मीच केलं.
नावाकडे पाहिलं नाही, यादीतून आयतं आलं होतं.

कचेरीला कुलूप लावताना ती पायरीशी उभी :
"माले कोनी हाकच नही मारी, बाई."

अर्ज पुन्हा दाखल करून घ्यायला पाच महिने गेले.
त्या पाच महिन्यांत ती काय खात होती
हे विचारणारा रकाना
मी मघापासून वरून खाली शोधते आहे.

मग तिसऱ्या रकान्यात लिहिलं,
'नाव माहीत असलेला माणूस लागतो.'
तांबडी चौकट आली. कृपया फक्त अंक भरा.
पुसलं. एक भरला.
चौकट पुन्हा : आपली खात्री आहे? होय. नाही.

बोट तसंच राहिलं थोडा वेळ.
माझ्या एकावर दिल्लीत कुणी बेरीज करेल,
बेरजेत चिंच दिसणार नाही, पायरी दिसणार नाही.
बेरीज करणाऱ्याचा तरी काय दोष,
त्याच्याही टेबलावर असेल कुणाचा तरी तक्ता.

बाहेर गुलशेर खाकरला.
"झिपरू धुडकू कोळीऽऽ, बुधगाव..."
झाडाखाली एकानं विडी चपलेनं विझवली,
टोपी झटकली, आणि आला.

मी होय दाबलं.