हातचा

तीन महिने पगार आला नाही,
म्हणून शाळा सुटल्यावर मी
आत्याच्या कांद्याचे हिशेब लिहू लागलो.
शंभर पानी वही, वर जिराफाचं चित्र.
तसल्ला आत्याला अक्षर येत नाही,
पण आकड्याची शेपटी जरा वाकडी गेली
की चुलीपासूनच म्हणते, हा सात नाही.

पहिलं पान: गाल्मीचा जांभळा कांदा,
पोती एकशे चाळीस.
सालिसूचा ट्रक. डिझेल. पोलिसांचा चहा.
(पोलिसांच्या चहाला वेगळा रकाना आहे.
सरकारं बदलली, रकाना तोच.)

मग पूल बंद झाला.
नदी होती तिथेच, पलीकडचा बाजारही,
मध्ये फक्त दोन कंटेनर आडवे.
रेडिओ म्हणाला, सार्वभौमत्व.
मी तो शब्द फळ्यावर लिहिला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरला.
आत्याने विचारलं, पोतं केवढ्याला?

नवव्या दिवशी ट्रकमध्येच कांद्याला मोड फुटले.
ताडपत्रीच्या फटींतून हिरवी पात डोकावली
आणि गायाच्या बकऱ्यांची चंगळ झाली.
होडीवाला पोत्यामागे दोनशे घेई,
मग पाचशे, मग हजार सेफा,
मग म्हणे, रात्री चला आणि खोकू नका.

दरम्यान वाळवंटातून तेलाची नळी समुद्राकडे निघाली.
टीव्हीवर कुणी झडप फिरवली, टाळ्या झाल्या,
आणि वीज गेली.
आमच्या नाक्यावर पेट्रोल अजून
सरबताच्या बाटलीतच मिळतं.
तांदळाचं पोतं मी दोनदा खोडून लिहिलं,
तिसऱ्यांदा पेन्सिलीनेच लिहिलं.

सालिसू म्हणाला, दक्षिण नाही तर पश्चिम.
फौजेच्या ताफ्यामागून जातात लोक,
घानात कांद्याला सोन्याचा भाव आहे.
आत्या म्हणाली, सोन्याचा भाव सोन्यालाच असतो, जाऊ नकोस.
तो गेला.
त्याचा शेवटचा फोन तेरा गावातून.
तेरा, आकडा नव्हे, गावाचं नाव,
तिथून पुढे रस्त्याला नाव नाही.

ताफा परतला. काही ट्रक आले,
काहींचे नुसते चालक आले,
एक जण फक्त चप्पल घेऊन आला
आणि कुणाची ते सांगेना.

वहीत कुठे लिहू त्याला?
मी खर्चाच्या बाजूला रेघ ओढली.
आत्याने हात धरला.
मग जमेत?
हात सोडेना.

शाळेत त्या आठवड्यात बेरीज होती.
पश्चिमेकडून आलेली एकवीस नवी पोरं,
वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून,
गावाचं नाव विचारलं की पायांकडे बघणारी.
मी शिकवत होतो,
तेराचे तीन लिहायचे, हातचा एक.
हाम्सा नावाच्या मुलीने विचारलं,
गुरुजी, तो ठेवायचा कुठे?
मी म्हटलं, हातात, म्हणून तर हातचा.
तिने मूठ मिटली
आणि सुटीची घंटा झाली तरी उघडली नाही.

संध्याकाळी मी खोडरबराने रेघ पुसली.
वरती, रकान्याच्या डोक्यावर,
बारीक एक लिहिला.
आत्या बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, हा एकच आहे ना?
एकच आहे.

वर्ष संपलं. रेडिओवर टक्केवारी आली,
वाढ इतकी, चकमकी इतक्या, तूट इतकी,
निवेदकाचा आवाज इस्त्रीचा.
माझा एका महिन्याचा पगार झाला,
कुठल्या महिन्याचा ते कागदावर नव्हतं.
पूल उघडणार असं होडीवालाच सांगत होता,
तेव्हा नक्कीच उघडणार नव्हता.

नवी वही आणली, यावर उंट आहे.
तारीख टाकण्याआधी
आत्याने पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं.
मी लिहिला.
तिने चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली,
आता सांग, कांदा काय भाव?